वर्गाबाहेरचं गणित : शाळेच्या आवारात तुम्ही काय काय करून घेता?

माळरान

पहिली ते चौथीच्या पोरांचं गणित वर्गाबाहेर कसं घ्यायचं यावर इथं एका जागी काही सापडलं नाही म्हणून हा धागा काढतोय. मी साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे, चार वर्ग आणि शिकवणारे आम्ही दोघं. आवारात मैदान, चिंचेचं झाड, झेंड्याचा खांब, पाण्याची टाकी, छोटी परसबाग आणि कंपाउंडची भिंत. झेडपीच्या कुठल्याही शाळेत असतं तेवढंच, वेगळं साहित्य काही नाही.

मला काय म्हणायचंय ते आधीच सांगतो म्हणजे चर्चा भरकटणार नाही. पोरांना मैदानात नेलं, पानं मोजायला लावली, फोटो काढून ग्रुपवर टाकले की गणित झालं असं मी मानत नाही. मोजायच्या आधी प्रत्येक पोरानं आपला अंदाज लिहायचा, मग मोजायचं, आणि वर्गात परत येऊन तेच गणित वहीत आकड्यांत मांडायचं, हे तिन्ही झालं पाहिजे. पहिलं किंवा तिसरं गाळलं की उरतो खेळाचा तास. खेळाचा तासही हवाच हो, पण तो वेगळा घ्या.

उदाहरण देतो. चिंचोक्यांचा ढीग करायचा आणि विचारायचं किती असतील. पहिलीतली पोरं बिनधास्त 'शंभर' नाहीतर 'हजार' सांगतात, कारण त्यांच्या लेखी दोन्ही म्हणजे 'लई'. मग दहा दहा चिंचोके मातीत ओळीनं मांडायचे, दहा ओळी झाल्या की काडीनं भोवती रिंगण. हे काही वेळा झालं की अंदाज सांगायची रीतच बदलते. पोरगं ढिगाकडं बघून मनातल्या मनात दहाची एक ओळ बाजूला काढतं आणि असल्या किती निघतील ते बघतं. दशक म्हणजे काय ते त्याला तिथं कळलेलं असतं, फळ्यावर एकक-दशकाचे रकाने आखून तेवढं कळत नाही.

आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, बाहेर जाताना खोडरबर न्यायचं नाही. मोजून झालं की पोरं आपला अंदाज खोडून तिथं बरोबर उत्तर लिहितात, सगळीच्या सगळी. चुकलेला अंदाज वहीत राहिला तरच दोन आकड्यांतला फरक काढता येतो, आणि ती वजाबाकी पोरं फार मन लावून करतात कारण आपण किती जवळ पोचलो हे त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं.

तुमच्याकडे काय करता? शिक्षक, पालक, आजी-आजोबा सगळ्यांनी लिहा.

---

अबोली

फार चांगला धागा. खोडरबराचं अगदी पटलं.

आम्ही कोकणात, जून ते सप्टेंबर मैदान म्हणजे चिखल, त्यामुळे बाहेर जायचं म्हटलं की लोक म्हणतात पावसात कसं? तर आम्ही पाऊसच मोजतो. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा, तळाला खळगे असतात तिथं पाणी भरून सपाट पातळीला शून्याची खूण करायची आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. हवामान खात्याचं मोजमाप सकाळी साडेआठला असतं, आमच्या मुली शाळा उघडल्या उघडल्या मोजतात, रोज एकाच वेळी मोजलं म्हणजे झालं. मिलिमीटर किती लहान असतो हे चौथीच्या मुलांना पट्टीवर बघून माहीत असतं पण त्याचा उपयोग पहिल्यांदा इथं कळतो.

खरी मजा पुढं आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर १ लिटर पाणी होतं. आमच्या इमारतीचा स्लॅब मुलांनी खालून भिंतीच्या कडेनं मोजला, १० मीटर बाय ६ मीटर, म्हणजे ६० चौरस मीटर. २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे १५०० लिटर. जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणं आमच्याकडे नवलाचं नाही, म्हणजे ६००० लिटर एका दिवसात आमच्या डोक्यावरून वाहून गेलं! आणि मे महिन्यात त्याच शाळेत पिण्याचं पाणी घरून आणायचं. हे मुलांनी स्वतः काढलेलं गणित आहे, त्यानंतर पन्हाळीला पाइप जोडून पिंप ठेवायचा हट्टही त्यांचाच.

---

स्पष्ट_बोलतो

कुणाला वाईट वाटू नये पण थोडं वास्तव मांडतो. मीही झेडपीतच आहे, पंधराएक वर्षं झाली. निपुणच्या (पायाभूत वाचन-गणिताच्या) चाचण्या, ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीची तयारी, बैठका, यातून तास मिळतात किती? त्यात मैदानावर चाळीस पोरं सोडली की पहिली दहा मिनिटं ओरडण्यातच जातात.

आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. माझ्याकडे चौथीत एक मुलगा आहे, आठवडी बाजारात आईबरोबर भाजी विकतो. दीड किलो गवार, ८० रुपये किलो, दोनशेची नोट दिली तर परत किती हे तो तोंडावर सांगतो, माझ्याआधी. तोच मुलगा वहीत हातच्याची वजाबाकी चुकवतो. म्हणजे बाहेरचं गणित येत असूनही वहीतलं आलं नाहीच ना? मग बाहेर नेऊन काय साधलं?

---

जिज्ञासू

@स्पष्ट_बोलतो सर, तुम्ही विचारलंय तो प्रश्न फार मोठ्या अभ्यासकांनीही विचारलेला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या ५ मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडून वस्तू घ्यायचे आणि हिशोब विचारायचे. गाड्यावर त्यांची ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. नंतर त्याच मुलांना तसलीच गणितं कागद-पेन्सिल देऊन विचारली, शाब्दिक उदाहरणात ७४ टक्क्यांपर्यंत आली आणि नुसते आकडे मांडून दिले तर ३७ टक्के. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. ३५ ला एक नारळ, १० नारळांचे किती? मुलगा म्हणतो तीनचे १०५, आणखी तीनचे मिळून २१०, आणखी तीन म्हणजे ३१५, वर एक, ३५०. दहानं गुणताना शून्य लावायचं ही शाळेची युक्ती त्यानं वापरली नाही, त्याची स्वतःची पद्धत होती आणि ती चोख होती.

आपल्याकडचा अभ्यास तर अगदी ताजा आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर केला, २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारातली मुलं गुंतागुंतीचे हिशोब तोंडी करतात पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेली सोपी गणितं त्यांना जमत नाहीत. आणि उलटंही दिसलं, शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं कागदावरची गणितं करतात पण बाजारातला हिशोब समोर आला की अडखळतात. म्हणजे एका बाजूचं दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही, दोन्हीकडून.

त्यामुळे मला वाटतं तुमच्या मुलाची अडचण गणिताची नाहीच, त्याच्या डोक्यातली रीत आणि वहीतली रीत यांची कुणी गाठ घालून दिलेली नाही. माळरान सरांनी तिसरी पायरी वहीची ठेवलीय ती याचसाठी असावी.

---

माळरान

जिज्ञासू ताई, नेमकं हेच. आणि सर, तुमचा प्रश्न योग्यच आहे. तुमच्या त्या मुलाला मी काय करीन सांगतो.

आमच्याकडे खिचडीच्या तांदळाचं गणित रोज पोरं करतात. पाचवीपर्यंत प्रत्येक मुलामागं १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ हे प्रमाण ठरलेलं आहे. हजेरी झाली, ४७ पोरं. मावशींना तांदूळ किती काढून द्यायचा? चौथीतली पोरगी म्हणते, ४० जणांचा ४ किलो, ७ जणांचा ७०० ग्रॅम, ४ किलो ७०० ग्रॅम. डाळीला म्हणते ४० जणांची ८०० ग्रॅम, ७ जणांची १४०, मिळून ९४० ग्रॅम.

आता इथं थांबलो तर तुम्ही म्हणताय तेच होणार. म्हणून ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहितो, ४० × २० = ८००, ७ × २० = १४०, बेरीज ९४०. मग शेजारी उभी मांडणी, ४७ गुणिले २०. आणि विचारतो, तू म्हणालीस ते ८०० या मांडणीत कुठं लपलंय? ते १४० कुठं आहे? पोरं शोधतात. हातचा म्हणजे काय ते तिथं सापडतं. तुमच्या भाजीवाल्या पोराला गवारीचा हिशोब करताना आधी बोलू द्या, एक किलोचे ८०, अर्ध्याचे ४०, झाले १२०, आणि परत देताना तो १२० पासून २०० पर्यंत मोजत जातो, वजाबाकी करतच नाही, बहुतेक सगळे दुकानदार तसंच करतात. ते चढत जाणं फळ्यावर एका रेषेवर काढून दाखवा आणि त्याच्या खाली उभी वजाबाकी मांडा. त्याची रीत हीच पहिली आणि आपली रीत नंतर, असा क्रम ठेवा. त्याला कमी येतं असं त्याला कधीच वाटता कामा नये.

---

ओळंबा

मी शिक्षक नाही, बांधकामावर सुपरवायझर आहे, वडील गवंडी होते. तुमच्या मैदानावर कबड्डीचं ग्राउंड आखत असाल तर त्यातच अर्धं भूमितीचं पुस्तक आहे. पुरुषांचं १३ मीटर बाय १० मीटर असतं, किशोर गटाचं ११ बाय ८, शाळेला ते पुरे.

पोरं चार बाजू बरोबर मोजतात तरी ग्राउंड तिरकं होतं, होणारच, बाजू बरोबर असून कोपरे काटकोनात नसतात. आम्ही साइटवर दोरीला ३, ४ आणि ५ फुटावर खुणा करून कोपरा काढतो. पोरांसाठी सोपं म्हणजे दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारून १२ भाग करा, दोन्ही टोकं एकत्र बांधा, तीन पोरांनी ३, ४, ५ भागांवर धरून ताणली की एक कोपरा पक्का काटकोन येतो. का येतो ते सातवी-आठवीत कळेल, पण येतो हे तिसरीतच हाताला कळू द्या. आणि शेवटी दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले तर ग्राउंड चौकस. वडील कुठल्याही खोलीचा पाया आखला की आधी कर्ण धरायचे, शाळा चौथीपर्यंतच झालेली.

दुसरं, ११ बाय ८ ची हद्द ३८ मीटर भरते. तीच ३८ मीटरची दोरी घेऊन १५ बाय ४ चा आयत करायला सांगा आणि आत पोरं उभी करा. दोरी तेवढीच पण पहिल्यात ८८ चौरस मीटर आणि दुसऱ्यात ६०. परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत मी मोठमोठ्या लोकांची बघितलीय, प्लॉट घेताना फसतात त्यामुळे.

---

रानमेवा

+१ ओळंबा. कर्णाचं वाचून मजा आली, मंडपवालेही असंच करतात.

विटी-दांडूचं कुणी लिहिलं नाही अजून? गलीपासून (विटी ठेवायचा खड्डा) विटी पडली तिथपर्यंत दांडूनं मोजायचं. आमच्याकडे वकट, लेंड, मुंड, नाल असं सातपर्यंत म्हणायचो आणि परत पहिल्यापासून, आणि मोजणी ज्या शब्दावर संपेल त्याप्रमाणे पुढची विटी कशी मारायची ते ठरायचं, वकट आली तर पायावरून वगैरे. गावोगाव शब्द आणि नियम थोडे वेगळे आहेत. पण बघा ना, अंतराला सातनं भागून बाकी काय उरली यावर सगळा खेळ! भागाकारातली बाकी ही वहीत टाकून द्यायची गोष्ट वाटते, इथं बाकीच मुख्य.

शिवाय एकाचा दांडू आखूड एकाचा लांब, मग भांडण. त्या भांडणाच्या वेळी बाईंनी मीटरची टेप आणून दिली तर 'प्रमाणित एकक का हवं' हे वेगळं शिकवायला लागत नाही.

---

सावली_प्रेमी

झेंड्याच्या खांबाची उंची कशी काढायची यावर लिहितो, कारण बरेच जण थेट गुणोत्तर-प्रमाणावर उडी मारतात आणि तिसरी-चौथीच्या मुलांना ते जड जातं.

सोपी रीत अशी. १ मीटरची काठी उन्हात सरळ उभी रोवा आणि तिच्या सावलीवर मुलांना पहारा ठेवायला सांगा. सकाळी सावली लांब असते, हळूहळू आखूड होत जाते, ज्या क्षणी काठीची सावली काठीएवढीच होईल त्या क्षणी आरोळी द्यायची आणि बाकीच्यांनी पळत जाऊन खांबाच्या सावलीच्या टोकाला खडूनं खूण करायची. त्या वेळी प्रत्येक सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याएवढीच असते. गुणाकार नाही भागाकार नाही, नुसती टेप लावायची. दुपारनंतर असा क्षण परत एकदा येतो, तेव्हा पुन्हा मोजून पडताळा घ्यायचा.

ढगाळ असेल तर कंपासपेटीतला ४५ अंशाचा गुण्या आहेच. एका बाजूला दोरा-खडा लटकवून ती बाजू सरळ उभी धरायची, तिरक्या कडेवरून खांबाचं टोक दिसेपर्यंत मागं सरकायचं. खांबापर्यंतचं अंतर अधिक मुलाच्या डोळ्याची उंची म्हणजे खांबाची उंची. डोळ्याची उंची मिळवायची राहते बहुतेकांची.

काठी रोवलीच आहे तर दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकावर खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली १२ वाजता पडत नाही हे पाहून मुलं चक्रावतात. पुण्या-साताऱ्याकडे ती वर्षभरात साधारण १२:२० ते १२:५० च्या दरम्यान पडते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. शून्य सावलीचा दिवस मात्र शाळेला साधत नाही, पुण्यात मेच्या मध्याला येतो तेव्हा सुट्टी आणि जुलैच्या शेवटी येतो तेव्हा ढग.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ.स. ११५०) सावलीच्या गणितांचं वेगळं प्रकरणच आहे, छायाव्यवहार म्हणून. वाऱ्यानं मोडलेल्या बांबूचं गणितही त्यातलंच, ३२ हात बांबू, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर टेकला, तर कुठं मोडला? १२ हातांवर. आणि हे सगळं बांबू, साप, मोर, तळ्यातलं कमळ यांच्यातच मांडलेलं. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवानं या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, खानदेशातल्या शाळांनी सहल न्यावी अशी जागा.

---

डहाणूकडची

मोठ्या माणसांची आठवण निघाली म्हणून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. बिया, पानं, खडे, शंख-शिंपले हेच मोजायचं साहित्य. साहित्याच्या पेट्या येण्याची वाट बघणाऱ्या प्रत्येक शाळेनं ते काम जाऊन बघावं असं मला मनापासून वाटतं.

---

मुंबईची_आई

तुमच्या सगळ्यांकडे मैदान आहे हो! आमच्या मुलीच्या शाळेला मैदान नाही, चार मजली इमारत आणि समोर रस्ता. तिथं काय करायचं? बाईंना सुचवायचंय पण तक्रार केल्यासारखं वाटायला नको.

---

ठिपका

@मुंबईची_आई, मी पालिकेच्या शाळेत शिकवते, आमच्याकडेही मैदान नाही. फरशा आहेत ना? वर्गाची जमीन म्हणजे आयता गुणाकाराचा तक्ता. एका ओळीत १२ आणि अशा ९ ओळी, सगळ्या मोजायच्या की गुणायच्या? कपाटाखालच्या फरशा दिसत नाहीत त्या कशा मोजाल? हा प्रश्न विचारला की मोजणारी मुलं थांबतात आणि गुणाकाराकडे वळतात. फरशी २ फुटी असेल तर एकीचं क्षेत्रफळ ४ चौरस फूट.

जिने आहेत. एका पायरीची उंची मोजायची, पायऱ्या मोजायच्या, तिसरा मजला जमिनीपासून किती उंच ते काढायचं. आणि रांगोळी! ४ ते ७ ठिपक्यांची घाला, म्हणजे ओळी ४, ५, ६, ७, ६, ५, ४. एकूण किती? एकेक न मोजता सांगायचं. मधली ७ ची ओळ सोडली की दोन्हीकडे १५-१५ उरतात, ३० आणि ७, ३७. दुसरीतल्या मुलीनं मला हे असं दाखवलं होतं. कॉरिडॉरमध्ये खडूनंही होते.

बाईंना सांगताना तुम्ही स्वतः एखाद्या शनिवारी मदतीला येते म्हणून सांगा, आम्हाला जास्तीचे दोन हात मिळाले तर फार बरं पडतं.

---

माइनकाठ

फ्रँकफर्टहून लिहितोय. इथल्या गोएथे विद्यापीठानं मॅथसिटीमॅप नावाचं ॲप केलंय, नकाशावर ठिकाणं असतात, तिथं जाऊन काहीतरी मोजल्याशिवाय गणित सुटतच नाही, घरी बसून उत्तर काढता येत नाही हे त्यातलं खरं मर्म. अशी 'गणिताची वाट' १९८४ च्या सुमारास मेलबर्न शहरात दोघा शिक्षणतज्ज्ञांनी आखली होती, सुट्टीत घरचे सगळे मिळून चालायचे.

ॲप नसलं तरी गावात करता येईल. शाळा, पार, देऊळ, पाण्याची टाकी, एसटी थांबा, परत शाळा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, तिथं उभं राहिल्याशिवाय सुटणार नाही असा. पाराचा घेर किती पोरांच्या कवेत येतो? थांब्यावरच्या वेळापत्रकात दोन गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त खोळंबा कधी? टाकीवर लिहिलेले लिटर आपल्या गावाला माणशी किती?

---

माळरान

माइनकाठ, हे पुढच्या दप्तराविनाच्या शनिवारी करतोच. एसटीवरून तिकिटाचं गणितही घेता येईल. पोरांना ५ ते १२ वयात अर्धं तिकीट, बायकांना अर्धं, ७५ च्या पुढच्यांना मोफत, मग आजी, आई, बाबा आणि दोन भावंडं यांना मिळून किती पूर्ण तिकिटांचे पैसे लागले? आजीचं वय विचारून यावं लागेल आधी.

@स्पष्ट_बोलतो सर, शिष्यवृत्तीचं राहिलं होतं. भिंतीच्या कडेनं २० मीटरवर दर २ मीटरला एक रोप, दोन्ही टोकांना धरून, रोपं किती? सगळा वर्ग १० म्हणतो. आम्ही खरोखर खड्डे काढले, शेवटच्या खड्ड्यापाशी रोप कमी पडलं. ११ लागतात, कारण जागा १० आणि टोकं दोन्ही. असलेच प्रश्न शिष्यवृत्तीला येतात, रोपं लावलेली पोरं त्यात फसत नाहीत.

---

काळी_आई

शेतकरी पालक आहे, शाळा व्यवस्थापन समितीत आहे. एक सुचवतो. पोरं घरात दिवसरात्र गुंठा-एकर ऐकतात, 'अर्धा एकर कांदा', 'पाच गुंठे विकले', पण गुंठा किती मोठा ते एकालाही दाखवता येत नाही, मोठ्या माणसांनाही नीट येत नाही. मैदानावर ३३ फूट बाय ३३ फूट आखा, झाला गुंठा. १०८९ चौरस फूट. चुन्यानं आखून महिनाभर तसाच ठेवा, येता जाता डोळ्यात बसू दे. मग विचारा शाळेचं मैदान किती गुंठे, देवळापुढचं पटांगण किती. असे ४० गुंठे म्हणजे एकर. आणि १० मीटर बाय १० मीटर आखलं तर तो एक आर, सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं ना तेच. गुंठा आणि आर जवळजवळ सारखेच भरतात, ३३ फूट म्हणजे १० मीटरच्या वर फक्त ६ सेंटिमीटर.

धान्याचं पण घ्या. आजीकडं अजून मापं असतील. २ चिपटी म्हणजे १ मापटं, २ मापटी म्हणजे शेर, ४ शेरांची पायली. सगळं दुपटीत चालतं, अर्धा पाव पाऊण तिथं हातानं करून बघता येतात. वाळू नाहीतर ज्वारी घेऊन ओतू द्या पोरांना.

---

अबोली

गुंठ्याची कल्पना अप्रतिम! आमच्याकडे भातखाचरं आहेत, एकही सरळ चौकोनी नाही, तिथं मुलांना आत किती चौरस मीटरचे चौकोन पूर्ण बसतात आणि किती अर्धे ते मोजायला लावणार.

एक राहिलं. आमच्या वर्गात एक मुलगा आहे त्याला दिसत नाही. गाठींची दोरी त्याच्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरली, एक गाठ एक फूट, दहाव्या गाठीला दुहेरी गाठ. झाडाचा घेर तो बाकीच्यांच्या आधी सांगतो कारण बाकीचे टेपवर आकडा शोधत बसतात. बाहेरच्या तासाला असल्या मुलांना 'तू इथं बस' म्हणून ठेवू नका कुणी, प्लीज.

---

स्पष्ट_बोलतो

सगळं वाचलं. तांदळाचं मला लगेच करता येण्यासारखं वाटतंय, वेगळा तास लागत नाही. दोन प्रश्न. तिसरीच्या मुलांना अजून दोन अंकी गुणाकार येत नाही, त्यांनी काय करायचं? आणि आमचा काटा जुना स्प्रिंगचा आहे, १०० ग्रॅमच्या आतल्या खुणा दिसतच नाहीत, डाळ कशी मोजणार?

---

माळरान

सर, तिसरीला दहादहाचे गट करू द्या. १० पोरांना १ किलो, हे एकदा समोर तोलून दाखवलं की ४७ म्हणजे चार गट आणि वर ७, एवढंच. दुसरीची पोरं उभं राहून स्वतःचे दहाचे गट करतात आणि पहिलीची गट मोजतात. एकाच वेळी चारही वर्गांना काम मिळतं, द्विशिक्षकी शाळेला ते फार सोयीचं आहे.

डाळीला वाटी वापरा. काट्यावर १ किलो डाळ बरोबर येईल तेवढी घ्या आणि एकाच वाटीनं काठोकाठ, वर बोटानं सपाट करत मोजा. समजा ८ वाट्या भरल्या तर एक वाटी १२५ ग्रॅम, अर्धी वाटी साडेबासष्ट. मग ९४० ग्रॅमला साडेसात वाट्या, आणि अडीच ग्रॅम जास्तीची लागते ती मावशींच्या चिमटीत जाते. तुमच्या वाटीला ८ भरणार नाहीत, साडेसात नाहीतर सव्वानऊ भरतील, ते काय करायचं हे चौथीच्या मुलांवर सोडा, आणि तो भाजीवाला मुलगा काय म्हणतो ते इथं लिहा.